नफ्सचा हिशेब : मुहासिबी ते मुजफ्फर शरीफ

माणूस असा का वागतो, हे सांगणारी पुस्तके सध्या भरपूर खपतात. इंग्रजीतली गाजलेली पुस्तके मराठीत येतात, रेल्वे स्टेशनवरच्या स्टॉलवर मिळतात, त्यांचे सारांश मोबाईलवर फिरतात. ही पुस्तके वाचलेल्या माणसाशी थोडा वेळ बोलले की एक गंमत लक्षात येते. पुस्तकातले प्रत्येक उदाहरण त्याने कुणात तरी पाहिलेले असते. साहेबात, व्याह्यात, शेजाऱ्यात, दुसऱ्या पक्षाच्या कार्यकर्त्यात. ते स्वतःत पाहिले, असे सांगणारा क्वचितच भेटतो.

आम्हा मुस्लिम वाचकांच्या बाबतीत याला आणखी एक पदर आहे. पूर्वग्रहाचे शास्त्र वाचताना आम्हाला आमचेच अनुभव आठवतात. भाड्याचे घर पाहायला गेल्यावर नाव ऐकताच 'जागा कालच गेली' असे सांगणारा मालक, किंवा नव्या ओळखीत 'तुम्ही तसे वाटत नाही हो' अशी शाबासकी देणारा सहकारी. शास्त्र वाचून या अनुभवांना नाव मिळते, आधार मिळतो, आणि तो मिळालाच पाहिजे. पण वाचन तिथेच थांबले तर हे शास्त्र आमच्या हातात फक्त एक फिर्याद ठेवून जाते. आरसा म्हणून त्याचा उपयोग राहूनच जातो.

माझ्या मते वर्तनाचे शास्त्र आरसा म्हणून कसे वाचावे, हे त्याचा इतिहास पाहिला की कळते. त्यातले काही महत्त्वाचे टप्पे आमच्याच परंपरेतले आहेत आणि आम्ही ते विसरलो आहोत.

बगदादचा हिशेबनीस

इसवी सन ७८१च्या सुमारास बसरा शहरात हारिस बिन असद यांचा जन्म झाला. आयुष्याचा मोठा काळ त्यांनी बगदादमध्ये घालवला आणि ८५७ साली तिथेच त्यांचे निधन झाले. इतिहास त्यांना 'मुहासिबी' या नावाने ओळखतो. मुहासबा म्हणजे हिशेब घेणे, झडती घेणे. हा माणूस सतत स्वतःचा हिशेब घेत असे, म्हणून हे नाव पडले.

कल्पना त्यांची एकट्याची नव्हती. कुरआनात नफ्सच्या तीन अवस्था येतात. वाईटाकडे ढकलणारी ती अम्मारा, स्वतःला दोष देणारी ती लव्वामा आणि समाधान पावलेली ती मुत्मइन्ना. अल्लाहने हिशेब घेण्याआधी आपणच आपला हिशेब घ्यावा, हा उपदेश हजरत उमर (रजि.) यांच्या नावाने प्रसिद्ध आहे. मुहासिबींनी या उपदेशाची पद्धत केली. 'अर-रिआया' या ग्रंथात त्यांनी मनाच्या चोरवाटांची बारकाईने नोंद केली आहे. रिया म्हणजे दिखावा, उज्ब म्हणजे स्वतःवरच खूश होणे, किब्र म्हणजे अहंकार, हसद म्हणजे मत्सर.

उदाहरणादाखल रियाचेच घ्या. माणूस नमाज सुरू करतो ती अल्लाहसाठी. मध्येच कुणीतरी आत येते, आणि याचा सजदा थोडा लांबतो. हेतू सुरुवातीला शुद्ध होता, मध्ये भेसळ झाली. मुहासिबी पुढचे पाऊलही टाकतात. दिखाव्याच्या भीतीने चांगले काम सोडून देणारा माणूस सुटला असे समजू नका, तोही लोकांकडेच पाहून वागतो आहे. एका कृतीच्या पोटात इतके हेतू शोधणारे हे लेखन नवव्या शतकातले आहे.

त्याची किंमतही त्यांनी मोजली. मुहासिबी वादविवादात तर्कशास्त्राची हत्यारे वापरत. इमाम अहमद बिन हंबल यांच्यासारख्या मोठ्या विद्वानाला ते पटले नाही. त्यांच्या अनुयायांच्या रोषामुळे मुहासिबींना उतारवयात लोकांपासून दूर राहावे लागले. त्यांच्या जनाज्याला चारच माणसे होती, असे जुने चरित्रकार सांगतात. पण त्यांच्या सहवासात घडलेले जुनैद बगदादी पुढे सूफी परंपरेचे आधारस्तंभ झाले.

वैद्याच्या नजरेतून मन

मुहासिबींच्या हयातीतच, ८५०च्या सुमारास, आजच्या अफगाणिस्तानातल्या बल्खजवळ अबू झैद अल-बल्खी जन्मले. अल-किंदी या तत्त्ववेत्त्याचे ते शिष्य. त्यांच्या 'मसालिह अल-अब्दान वल-अन्फुस' या ग्रंथाचा एक भाग शरीराच्या आरोग्यावर आहे आणि दुसरा मनाच्या. राग, भीती, उदासी आणि वसवसा, म्हणजे नको असलेल्या विचारांचा पुन्हा पुन्हा होणारा त्रास, अशी त्यांची मांडणी आहे. उदासीचे ते दोन प्रकार करतात. एक, जिचे कारण ठाऊक आहे. दुसरी, जिचे कारण माणसाला सांगताच येत नाही. दोन्हींवर इलाज वेगळा.

त्यांचा एक सल्ला मला फार व्यवहारी वाटतो. माणूस दुखण्यासाठी घरात औषध साठवून ठेवतो, तसे मन शांत असताना चांगले विचार जमवून ठेवावेत. संताप किंवा भीती आल्यावर ते शोधायला बसलात तर सापडणार नाहीत. या ग्रंथाची हस्तलिखिते इस्तंबूलच्या ग्रंथालयात शतकानुशतके पडून होती. १९८४ साली फुआत सेझगिन या तुर्की संशोधकाने त्याची प्रतिमुद्रित आवृत्ती जर्मनीतून काढली आणि नंतर सुदानचे मानसशास्त्रज्ञ मलिक बद्री यांनी मनावरचा भाग इंग्रजीत आणला. आमच्याच घरातली ही चीज आमच्यापर्यंत यायला हजार वर्षे लागली.

गज्जालींचे चार मार्ग

इमाम गज्जाली (१०५८ ते ११११) यांची गोष्ट बहुतेकांना ठाऊक आहे. बगदादच्या निजामिया मदरशात ते प्रमुख अध्यापक होते. त्या काळातले याहून मोठे पद सांगता येणार नाही. तिथे त्यांनी स्वतःलाच प्रश्न केला की मी शिकवतो ते कुणासाठी? उत्तरात त्यांना कीर्तीची भूक दिसली. १०९५ साली त्यांची वाचा बसली, वर्गात शब्द फुटेना. वैद्यांनी सांगितले की दुखणे मनाचे आहे. त्याच वर्षी त्यांनी पद आणि शहर दोन्ही सोडले.

'इह्या उलूमुद्दीन'मध्ये गज्जालींनी एक सरळ प्रश्न घेतला आहे. माणसाला स्वतःचे दोष कळावेत कसे? त्यांनी चार मार्ग सांगितले. पहिला, जाणत्या गुरूजवळ बसणे. दुसरा, खरे बोलणारा मित्र जोडणे आणि त्याला आपल्यावर पहारेकरी नेमणे. तिसरा, शत्रूच्या तोंडून आपले दोष ऐकणे, कारण तोंडदेखली स्तुती करणाऱ्या मित्रापेक्षा दोष काढणारा शत्रू जास्त उपयोगी पडू शकतो. चौथा, लोकांत मिसळणे आणि दुसऱ्यात जे खटकते ते आपल्यात आहे का, हे तपासणे.

हे चारही मार्ग बाहेरून आत जाणारे आहेत. मुहासिबींचा भर एकांतातल्या झडतीवर होता. गज्जालींनी मुहासिबींचे ग्रंथ वाचले होते, त्यांचे ऋणही मान्य केले होते. तरी दोष शोधायचे म्हटल्यावर त्यांनी एकट्या मनावर भरवसा ठेवला नाही. डोळा सगळे पाहतो, फक्त स्वतःला पाहत नाही. त्याला दुसऱ्याचा आधार लागतो. पुढे आठशे वर्षांनी प्रयोगशाळेत जे दिसले, त्याच्याशी हा मुद्दा जोडलेला आहे, म्हणून तो ध्यानात ठेवावा.

इब्न खल्दून आणि आवडती बातमी

इब्न खल्दून ट्युनिसचे. जन्म १३३२, मृत्यू कैरोत १४०६. 'मुकद्दिमा' त्यांनी १३७७ साली लिहून काढला. इतिहासात खोट्या गोष्टी का शिरतात, याची कारणे त्यांनी सुरुवातीलाच दिली आहेत. त्यातले पहिले कारण आहे पक्षपात. मन तटस्थ असले की ते ऐकलेल्या बातमीला पारखून घेते. तेच मन एखाद्या मताला किंवा पंथाला चिकटलेले असले की सोयीची बातमी पहिल्या फटक्यात गिळते.

त्यांची 'असबिया' ही कल्पना तर जगभर शिकवली जाते. असबिया म्हणजे टोळीला, कुळाला, गटाला बांधून ठेवणारी ओढ. तिच्यातून ताकद येते, राज्ये उभी राहतात. तिच्यातूनच आंधळेपणही येते. इब्न खल्दून तिला निव्वळ चांगली किंवा निव्वळ वाईट म्हणत नाहीत. ती कशी काम करते ते पाहतात. माणसाकडे पाहण्याची ही रीत शास्त्रज्ञाची आहे.

इथे एक सावधगिरी हवी. 'युरोपने जे आज शोधले ते आमच्याकडे आधीपासून होते' असे म्हणायचा मोह होतो. मी तसे म्हणणार नाही. मुहासिबी आणि गज्जाली नीतीचे आणि मुक्तीचे प्रश्न सोडवत होते. त्यांनी मोजमाप केले नाही, प्रयोग केले नाहीत, आणि ते त्यांचे कामही नव्हते. त्यांनी प्रश्न धारदार केले. उत्तर तपासण्याची नवी साधने विसाव्या शतकात आली. ती आणणाऱ्यांत एक नाव इझमीरजवळच्या मुलाचे आहे.

अंधाऱ्या खोलीतला दिवा

मुजफ्फर शरीफ १९०६ साली तुर्कस्तानात, इझमीर प्रांतातल्या ओडेमिश गावी जन्मले. मे १९१९मध्ये ग्रीक सैन्य इझमीरमध्ये उतरले, तेव्हा ते शाळकरी वयाचे होते. आपल्या शेजारचा माणूस मारला गेला आणि सैनिकाने आपल्याला मात्र सोडून दिले, असे त्यांनी पुढे लिहून ठेवले आहे. माणसे गट म्हणून एकमेकांवर तुटून का पडतात, हा प्रश्न त्यांना कुठल्या ग्रंथालयात मिळाला नव्हता.

हार्वर्डमध्ये शिकून त्यांनी १९३५ साली कोलंबिया विद्यापीठातून पीएच.डी. मिळवली. त्यांचा प्रयोग साधा होता. पूर्ण अंधाऱ्या खोलीत प्रकाशाचा एक बारीक ठिपका दाखवायचा. ठिपका जागेवरच असतो, पण अंधारात टेकू नसल्याने डोळ्याला तो हलल्यासारखा वाटतो. किती इंच हलला, हे सांगायचे. एकेकट्याला विचारले की प्रत्येक जण स्वतःचा एक अंदाज ठरवून घेई. कुणाचा दोन इंच, कुणाचा आठ. मग त्यांना एकत्र बसवून मोठ्याने उत्तरे द्यायला लावली. हळूहळू सगळ्यांचे आकडे जवळ आले. पुन्हा एकटे बसवले तरी माणसे गटात ठरलेल्या आकड्यालाच धरून राहिली.

या प्रयोगातली मला सर्वांत महत्त्वाची वाटणारी गोष्ट आकड्यांत नाही. शरीफ यांनी नंतर लोकांना विचारले की दुसऱ्यांच्या बोलण्याचा तुमच्यावर परिणाम झाला का? अनेकांनी सांगितले की नाही, आमचे मत आधीच ठरले होते. ते खोटे बोलत नव्हते. त्यांनी आत डोकावून पाहिले आणि त्यांना खरोखर काही दिसले नाही.

मुहासबेच्या परंपरेसाठी हा मोठा धडा आहे. रात्री दिवा मालवून मी स्वतःला विचारले की आज मी कुणाच्या दबावाखाली मत बनवले का, तर माझे मन प्रामाणिकपणे 'नाही' म्हणेल, आणि तरी ते उत्तर चुकीचे असेल. दिखावा, मत्सर, अहंकार शोधत गेले तर आत सापडू शकतात. गटाने घातलेला चष्मा आतून दिसत नाही, कारण आपण त्याच्यातूनच पाहत असतो. वर्तनाचे शास्त्र वाचण्याचा उपयोग इथे आहे. जिथे आत पाहून भागत नाही, तिथे कुठे शंका घ्यावी हे ते सांगते.

बावीस मुले आणि एक झेंडा

शरीफ तुर्कस्तानात परतले, अंकाराला शिकवू लागले आणि नाझी विचार व वंशवादाविरुद्ध लिहू लागले. १९४४ साली त्यांना अटक झाली. सुटकेनंतर ते अमेरिकेला गेले ते कायमचे. तिथे त्यांनी पत्नी कॅरोलिन वुड शरीफ यांच्यासोबत बरेच संशोधन केले. शरीफ डाव्या विचारांचे होते. त्यांना 'इस्लामी मानसशास्त्रज्ञ' ठरवणे हा त्यांच्यावर अन्याय होईल. पण पूर्वग्रहाचा अभ्यास म्हटल्यावर आज जे नाव आधी घेतले जाते, ते एका तुर्की मुस्लिम घरात जन्मलेल्या माणसाचे आहे, हे आमच्या मुलांना ठाऊक असावे.

१९५४च्या उन्हाळ्यात ओक्लाहोमा राज्यातल्या 'रॉबर्स केव्ह' या वनउद्यानात त्यांनी २२ मुलांचे शिबीर भरवले. सगळी ११-१२ वर्षांची, सगळी गोरी, मध्यमवर्गीय, प्रॉटेस्टंट घरांतली. त्यांच्यात धर्माचा, रंगाचा, पैशाचा फरकच नव्हता. त्यांचे अकरा-अकराचे दोन गट केले. सुरुवातीचे काही दिवस एका गटाला दुसऱ्याचा पत्ताच नव्हता. एकाने स्वतःला 'रॅटलर्स' नाव घेतले, दुसऱ्याने 'ईगल्स'. मग रस्सीखेच, बेसबॉल अशा स्पर्धा सुरू झाल्या. बक्षीस जिंकणाऱ्या गटालाच. काही दिवसांत झेंडे जाळले गेले, एकमेकांच्या झोपडीवर धाडी पडल्या, शिवीगाळ झाली.

मधेच एक लहानसा खेळ झाला. जमिनीवर विखुरलेले घेवड्याचे दाणे ठरलेल्या वेळात गोळा करायचे. मग कुणी किती जमवले ते पडद्यावर क्षणभर दाखवायचे आणि सगळ्यांनी अंदाज करायचा. प्रत्येक वेळी पडद्यावर दाणे तेवढेच होते, ३५. पण मुलांना आपल्या गड्याचे दाणे जास्त दिसले आणि विरोधकाचे कमी. 'आपला तो बाळ्या, दुसऱ्याचं ते कार्टं' ही आपली म्हण पडद्यावर मोजून दाखवली गेली.

नंतर दोन्ही गटांना एकत्र जेवायला बसवले, सिनेमा दाखवला. काही फरक पडला नाही, उलट जेवणात अन्नाची फेकाफेक झाली. फरक पडला तो दोघांनाही एकट्याने न सुटणारे काम समोर आल्यावर. पाणी बंद झाले, ते शोधायला दोघे मिळून निघाले. जेवण आणणारा ट्रक अडला, तेव्हा रस्सीखेचीचाच दोर बांधून सगळ्यांनी तो ओढला. घरी परतताना मुलांनीच एका बसने जायचे ठरवले आणि वाटेत एका गटाने बक्षिसाच्या पैशांतून सगळ्यांना दुधाचे पेय पाजले.

या गोष्टीची दुसरी बाजू सांगणेही आवश्यक आहे. १९५३ साली न्यूयॉर्क राज्यात शरीफ यांनी असेच शिबीर घेतले होते. तिथल्या मुलांना गट पाडण्याआधी एकमेकांशी दोस्ती करू दिली होती. कार्यकर्त्यांनी भांडणे लावण्याचा प्रयत्न केला, तेव्हा हे मोठ्यांचेच काम आहे असा संशय मुलांना आला. भांडण पेटले नाही आणि प्रयोग गुंडाळावा लागला. जीना पेरी या लेखिकेने २०१८ साली आपल्या पुस्तकात हे सविस्तर मांडले. म्हणजे शास्त्रज्ञालाही नफ्स असते. त्यालाही आपल्या मताला धरून असलेला निकाल आवडतो. मला तर हा फसलेला प्रयोग यशस्वी प्रयोगाइतकाच मोलाचा वाटतो. आधीची दोस्ती आणि 'हे भांडण कोण लावतो आहे?' हा प्रश्न, या दोन गोष्टींनी दहा-बारा वर्षांच्या मुलांना वाचवले. दंगलीच्या आदल्या रात्री मोहल्ल्यात आणि शेजारच्या आळीत याच दोन गोष्टी हव्या असतात.

भांडणाचे कारणही लागत नाही

शरीफ यांच्या शिबिरात निदान बक्षिसाची स्पर्धा होती. हेन्री ताजफेल यांनी तेवढेही ठेवले नाही. ताजफेल पोलंडमधले ज्यू, जन्म १९१९. दुसऱ्या महायुद्धात फ्रेंच सैन्यातून लढताना जर्मनांच्या कैदेत गेले. युद्ध संपून परतले तेव्हा घरातले जवळजवळ सगळे मारले गेले होते. पुढे ब्रिटनमध्ये ब्रिस्टल विद्यापीठात त्यांनी शाळकरी मुलांवर प्रयोग केले, ते १९७० साली प्रसिद्ध झाले. मुलांना सांगितले की तुम्हाला क्ले या चित्रकाराची चित्रे आवडली आणि तुम्हाला कांडिन्स्कीची. गट प्रत्यक्षात उगाच पाडलेले. गटात कोण आहे हेही माहीत नाही. स्वतःला काही मिळणार नाही, फक्त इतरांना पैसे वाटायचे. तरी मुलांनी आपल्या गटाला झुकते माप दिले. दोन्ही गटांना मिळून जास्त मिळेल अशी वाटणी सोडून, आपल्याला थोडे कमी मिळाले तरी चालेल पण दुसऱ्यापेक्षा जास्त मिळावे, अशा वाटणीकडे त्यांचा कल राहिला.

भारताचाही या इतिहासात वाटा आहे. १५ जानेवारी १९३४ रोजी बिहारमध्ये भीषण भूकंप झाला. त्यानंतर पसरलेल्या अफवांचा अभ्यास जमुना प्रसाद यांनी केला आणि तो १९३५ साली ब्रिटनमधल्या मानसशास्त्राच्या नियतकालिकात छापून आला. जिथे धक्का जाणवला पण मोठे नुकसान झाले नाही, अशा भागात आणखी मोठ्या संकटांच्या अफवा जोरात होत्या. लिऑन फेस्टिंगर यांनी त्यातून निष्कर्ष काढला की भीती आधी आली होती, लोक तिला शोभेल असे कारण शोधत होते. मनातल्या विसंगतीचा त्यांचा १९५७चा प्रसिद्ध सिद्धांत उभा राहण्यात या अभ्यासाचा हात आहे. रात्री दोन वाजता आलेला भीतीदायक मेसेज पुढे पाठवण्याआधी प्रसाद आणि इब्न खल्दून या दोघांची आठवण ठेवावी.

फाळणीच्या जखमा ताज्या असताना, १९५० साली, गार्डनर मर्फी युनेस्कोच्या वतीने भारतात आले. कोलंबियात शरीफ यांचे मार्गदर्शक होते ते हेच. त्यांनी इथल्या संशोधकांसह हिंदू-मुस्लिम तणावाचा अभ्यास केला. अलीगढसारखी शहरे त्यात होती. १९५३ साली त्याचे पुस्तक निघाले. आमच्या वस्त्यांमधली भीती शास्त्राच्या वहीत नोंदली गेली त्याला आता सत्तर वर्षे होऊन गेली.

आता आपल्याकडे पाहू

२००२ साली एमिली प्रोनिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेत एक छोटा पण बोचरा अभ्यास केला. लोकांना वेगवेगळ्या मानसिक पक्षपातांची वर्णने वाचायला दिली आणि विचारले की हे इतरांत किती असते आणि तुमच्यात किती? लोकांनी स्वतःला सरासरी माणसापेक्षा कमी पक्षपाती ठरवले. म्हणजे पक्षपाताचे ज्ञान मिळाले म्हणून आपोआप आत्मभान येत नाही. ते ज्ञानसुद्धा आपण दुसऱ्याच्याच खात्यावर जमा करतो. स्टेशनवरच्या स्टॉलवरची पुस्तके वाचून साहेब आणि व्याही आठवतात, याचे कारण हेच.

म्हणून मी मुस्लिम वाचकांना, आणि खरे तर सर्वांनाच, एक विनंती करतो. रॉबर्स केव्हची गोष्ट वाचताना झेंडा जाळणारा मुलगा 'ते' आहेत, असे धरून वाचू नका. तो मुलगा आपण आहोत, असे धरून एकदा वाचा.

आमच्यात गट कमी नाहीत. अमुक मशीद आमची, तमुक त्यांची. कोकणी, दखनी, बागवान, मोमीन, पिंजारी, मुलाणी, तांबोळी. स्थळ पाहताना 'त्यांच्यात आपण मुलगी देत नाही' हे वाक्य किती सहज येते. सगळे एका सफेत खांद्याला खांदा लावून उभे राहतात आणि सलाम फिरवून बाहेर आले की पुन्हा दाणे मोजणे सुरू होते. आमच्या जमातीच्या पोराने भांडण केले तर तो 'रागीट आहे, पण मनाचा चांगला', दुसऱ्या जमातीच्या पोराने केले तर 'ते लोकच तसले'. घर नाकारणारा मालक आमच्याबद्दल हेच वाक्य बोलतो, तेव्हा ते आम्हाला बरोबर ऐकू येते. गज्जालींचा चौथा मार्ग इथे लागू पडतो. दुसऱ्यातले जे खटकले, ते घेऊन घरी यायचे आणि आपल्या घरात शोधायचे.

कुणी म्हणेल, आधीच कोंडीत सापडलेल्या समाजाला तुम्ही आणखी आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करता. माझा तसा हेतू नाही. घर नाकारणे हा अन्यायच आहे, नोकरीत नाव पाहून बाजूला सारणे हाही अन्यायच, आणि त्याविरुद्ध कायद्याने, लेखणीने, संघटनेने लढले पाहिजे. स्वतःचा हिशेब घेतला म्हणून दुसऱ्याचे देणे माफ होत नाही. पण ज्याची स्वतःची वही स्वच्छ असते, त्याच्या मागणीला वजन येते. जो आपल्या घरात जमात पाहून माप बदलतो, त्याचे समतेचे भाषण त्याच्या मुलांनासुद्धा पटत नाही.

सूरह हुजुरातमध्ये फार संशय घेण्यापासून, दुसऱ्याची चाचपणी करत बसण्यापासून आणि पाठीमागे निंदा करण्यापासून रोखले आहे. त्याच सूरहमध्ये, पुढच्याच आयतीत, माणसांचे वंश आणि कबिले एकमेकांची ओळख पटावी म्हणून आहेत, असा आशय येतो. गट असणे पाप नाही. गटाच्या चष्म्यातून दाणे मोजणे हा दोष आहे, आणि तो दोष आत डोकावून सापडत नाही, हे आपण अंधाऱ्या खोलीच्या प्रयोगात पाहिले.

मग करायचे काय? या इतिहासातून मला तीन कामे दिसतात. पहिले मुहासिबींचे. दिवसातून एकदा आपल्या एका निर्णयाची झडती घ्यायची, आणि आज ज्याच्यावर रागावलो तो आपल्या गटातला असता तर इतकाच रागावलो असतो का, हे विचारायचे. दुसरे गज्जालींचे. एक तरी असा मित्र ठेवायचा जो आपल्या जमातीचा, शक्य तर आपल्या धर्माचाही नाही, आणि त्याला तोंडावर बोलायची मुभा द्यायची. त्याने दाखवलेला दोष ऐकून लगेच सफाई द्यायची नाही. तिसरे शरीफ यांचे. नुसत्या एकत्र जेवणाने मने जुळत नाहीत, हे ईद-मिलनाच्या आणि दिवाळी फराळाच्या कार्यक्रमांनी ध्यानात घ्यावे. शिरखुर्मा जरूर पाजा. पण वस्तीतली पाण्याची लाईन, शाळेची पडकी भिंत, रक्तदानाची यादी, अशी दोघांनाही एकट्याने न पेलणारी कामे मिळून करा.

मुहासिबींच्या जनाज्याला चार माणसे होती. स्वतःचा हिशेब मागणाऱ्याच्या मागे गर्दी होत नाही, ती दुसऱ्याचा हिशेब मागणाऱ्याच्या मागे होते. पुढचे पुस्तक हातात घ्याल तेव्हा समासात इतरांची नावे लिहू नका. एखादे पान तरी स्वतःच्या नावाने वाचा.